वायर तुटली होती, मला टर्बो विकला

बिल ७१,८४०. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) ५२,०००, गॅस्केट आणि ऑइल पाइप ४,३४०, इंजिन ऑइल-फिल्टर ५,५००, मजुरी १०,०००. आगाऊ ३०,००० दिले, उरलेले ४१,८४० गाडी घेताना. गाडी शेवटी ज्या दुरुस्तीने बरी झाली तिचे पैसे झाले ८५०. दोन महिने झाले, राग अजून उतरलेला नाही.

डिझेल गाडी. इंजिन चांगलं तापलं आणि रस्ता खडबडीत लागला की पिकअप एकदम जायचा, चेक इंजिनचा दिवा लागायचा. पाय तळाला टेकवला तरी गाडी ओढत नव्हती. बाजूला घेऊन किल्ली बंद करायची, पुन्हा सुरू करायची, की पुढचे तीस-चाळीस किलोमीटर काही त्रास नाही. इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. टर्बोची पाती झिजली असती, बेअरिंग गेलं असतं, तर किल्ली फिरवून ते बरं झालं असतं का? येणारा-जाणारा दोष बहुतेकदा वायरिंगचा, हे मी दुसऱ्या कुणाला ठामपणे सांगितलं असतं. पण घरात आजारी माणूस होतं, गाडीवाचून एक दिवस निघत नव्हता, आणि समोरचा गॅरेजवाला वीस वर्षांच्या अनुभवाच्या गोष्टी सांगत होता.

त्याने स्कॅनर लावला. पडद्यावर दोषाचे दोन कोड होते, पी००४५ आणि पी०२९९. त्याने बोट ठेवलं ते दुसऱ्यावर. ‘अंडरबूस्ट. टर्बो प्रेशर बनवत नाही. गेला.’ वरच्या ओळीत ‘सर्किट ओपन’ असं लिहिलेलं मी वाचलं. वाचलं आणि विचारलं नाही! पी००४५ हा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कंट्रोल करणाऱ्या सर्किटचा कोड आहे. इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तिथे सांगतोय की टर्बोची पाती हलवणाऱ्या सोलेनॉइडचं (विजेवर चालणाऱ्या झडपेचं) सर्किट पूर्ण होत नाही. मग बूस्ट कमी पडणारच. पी०२९९ हा त्याचा परिणाम. परिणाम दाखवून त्याने मला कारण विकलं, तेही खोटं.

मी घुटमळतोय हे पाहून त्याने हवेचा पाइप काढला. आत तेलाचा पातळ थर. ‘सील फुटलं.’ मग टर्बोचा शाफ्ट बोटांनी वरखाली हलवला. ‘बघा, किती खेळतोय.’ त्या क्षणी माझी खात्री पटली, आणि तिथेच मी फसलो. क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली, तेलकट वाफ त्याच पाइपमधून परत इंजिनात जाते, त्यामुळे थोडं तेल तिथे असतंच. साध्या बेअरिंगचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, म्हणून बंद इंजिनात तो बाजूला किंचित हलतो. बघायचं असतं ते पुढे-मागे हलतो का आणि पाती बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा आहेत का. त्यातलं काहीच नव्हतं. हे मला नंतर कळलं. ज्याला आधी माहीत नाही तो कुणीही फसेल, माझ्या जागी तुम्हीही.

त्याने कोड पुसून टाकले. पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून घ्या, फ्रीझ फ्रेमसकट. दोष आला तेव्हा वेग किती, तापमान किती, हे त्यात असतं. माझ्याकडे काहीच उरलं नाही.

नवव्या दिवशी तोच दिवा, तोच त्रास. गॅरेजवाला म्हणाला, आता सोलेनॉइड बदलू, मग बघू. तिथून मी गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने दोन पिनांचा कनेक्टर काढला. किल्ली ऑन करून एका पिनवर बारा व्होल्ट आहेत याची खात्री केली, सोलेनॉइडचा रोध मोजला, १५.२ ओहम, बरोबर. दुसरी वायर इसीयूपर्यंत जाते. तिचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने वाकवला की मीटरवरचं कंटिन्युइटीचं, म्हणजे वायर अखंड असल्याचं, रीडिंग उडायचं. एका पत्र्याच्या ब्रॅकेटला घासून वायर आतून तुटली होती, बाहेरून फक्त चरा दिसत होता. गॅरेजात टर्बो काढताना हार्नेस हलला, तारा टेकल्या, म्हणून आठ दिवस गाडी नीट चालली. तो म्हणाला, नुसत्या मीटरवर भागवू नका. एक तार जरी शाबूत असली तरी मीटर ठीक दाखवतो, बल्ब लावून लोड द्या, मग खरं कळतं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

आणि टर्बोवरची नंबरप्लेट. गाडी देण्याआधी इंजिनचे फोटो काढायची सवय होती, त्यातल्या एकात सिरियल नंबर दिसतो. आत्ता गाडीत बसलेल्या टर्बोचा सिरियल नंबर तोच आहे. माझाच टर्बो धुऊन मला ५२,००० ला विकला. काढलेला सुटा भाग हातात मागा, हे वाक्य बिल देण्याआधी म्हणायचं असतं.

पोलीस चौकीत ऐकून घेतलं आणि म्हणाले, पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी मामला, ग्राहक तक्रार करा. तक्रारीच्या खिडकीवर म्हणाले, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. गाडीच्या कंपनीला फोन केला, तर बाहेरच्या गॅरेजच्या कामाशी आमचा संबंध नाही. अहवालासाठी तीन वर्कशॉप फिरलो. तिघांनी तोंडी सांगितलं की सरळ फसवणूक आहे, लिहून एकानेही दिलं नाही, धंद्यातल्या माणसाविरुद्ध नको म्हणून. इलेक्ट्रिशियनने दिलं, तर त्याचा कागद ‘अधिकृत’ नाही! मग अधिकृत म्हणजे कोण, हे विचारलं तर खिडकीतला माणूस पुढच्याला हाक मारतो. पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि प्रत्येक जण एकच विचारतो, ‘तुम्ही पैसे दिलेच कशाला?’ चोरी त्याने केली, जाब मी देतोय.

सध्या हातात फक्त तक्रार क्रमांक आहे. इलेक्ट्रिशियनने कापलेला वायरचा चार सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बिलं आणि नंबरप्लेटचे दोन फोटो एका पाकिटात ठेवलेत. सहावी फेरी सोमवारी आहे.