क्रोशाच्या सुयांचा सेट – दिवसभर चित्रं काढणाऱ्या हाताला कसा वाटला

मी इलस्ट्रेशनचं काम करते, म्हणजे सकाळी हातात आलेला स्टायलस संध्याकाळीच खाली ठेवला जातो. आधी वाटायचं की आरामासाठी पण चित्रंच काढावीत, फक्त स्वतःसाठी, म्हणून एक वेगळी वही केली, पण दुसऱ्या तिसऱ्या पानालाच कामाची नजर जागी व्हायची, हा हात चुकलाय, इथे रंग जड झालाय, की झालं, मग ते पण कामच. मला असं काहीतरी हवं होतं ज्यात कुणाचा फीडबॅक येणार नाही आणि माझा स्वतःचा पण नाही. एका मैत्रिणीने क्रोशा सुचवला आणि मी हा ९ सुयांचा सेट मागवला, चार महिने झाले, जवळजवळ रोज वापरतेय.

सेटमध्ये २ मिमीपासून ६ मिमीपर्यंत अर्ध्या अर्ध्या मिमीने वाढत जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या सुया आहेत, रबरी मुठीच्या, शिवाय टाक्यांना लावायचे मार्कर, टोकं लपवायला एक बोथट सुई, लोकरीचा एक गुंडा, पाऊच आणि एक छोटी पुस्तिका.

मूठ हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा होता, कारण दिवसभर दमलेला तोच हात रात्री परत कामाला लावायचा म्हणजे आराम कसला? सुई दोन पद्धतींनी धरतात, एक पेन्सिलसारखी आणि दुसरी सुरीसारखी, म्हणजे वरून मुठीत. मी सवयीने पेन्सिलसारखी धरली आणि आठवड्याभरात अंगठ्याच्या मुळाशी तेच ओळखीचं दुखणं सुरू झालं. मग सुरीसारखी धरायला लागले, पहिले दोन दिवस हात अगदी परका वाटला, नंतर जमलं, आणि आता मनगट वेगळ्याच तऱ्हेने वळतं म्हणून चित्रकलेचा ताण त्यावर येत नाही. या सेटची मूठ जाड आहे आणि अंगठा टेकायला सपाट जागा आहे त्यामुळे ही पकड नीट बसते. नुसत्या धातूच्या बारीक सुया पण वापरून बघितल्या, त्या मुठीत फिरतात आणि मग आपण नकळत घट्ट दाबून धरतो. तुमचं काम लिहिण्याचं, चित्रांचं किंवा वाद्य वाजवण्याचं असेल तर सेट कुठलाही घ्या पण मूठ बघून घ्या. आणि दुखत असेल तर थांबा, टाके कुठे पळून जात नाहीत.

खरं तर ते पळून जात नाहीत म्हणूनच मला क्रोशा इतका आवडला. दोन सुयांवरच्या विणकामात एक टाका निसटला की खाली शिडीसारखी धाव सुटते, इथे सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो, तो सोडा, दोरा ओढा, हव्या तितक्या ओळी उसवा, परत तिथूनच सुरू करा. लोकर तीच राहते. कामाच्या चित्रात चौथ्या बदलानंतर माझा जीव नकोसा होतो आणि इथे मी अख्खी संध्याकाळ विणलेलं शांतपणे उसवते, मलाच नवल वाटतं पण खरंच वाईट वाटत नाही.

आता तक्रारी. एक तर सोबतची लोकर. गडद निळी, आणि पीळ इतका सैल की सुईचं टोक दोऱ्याच्या मधोमध घुसतं, नवशिक्या माणसाला टाके दिसणारच नाहीत. ती बाजूला ठेवा आणि फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घेऊन ४ किंवा ५ मिमीच्या सुईने सुरुवात करा. दुसरं म्हणजे मुठीवरचे आकडे दोन महिन्यांत पुसले गेले, आता ३.५ आणि ४ मधला फरक मी डोळ्यांनी ओळखते, हे बरोबर नाही, आकडा कोरलेला हवा होता. २ मिमीच्या सुईची मूठ पण थोडी सैल झालीये.

पुस्तिकेने मात्र मला खरंच फसवलं. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, बुटका आणि घट्ट टाका, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि यातली कुठली पद्धत वापरलीये हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही! मी मुक्या खांबाच्या जागी साधा खांब, म्हणजे त्याहून उंच आणि मोकळा टाका, घालत गेले आणि छोटी टोपली करायची होती तिची जाळीदार पिशवी झाली. ओळखायची खूण सांगते, पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्द आला की तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

गोल विणण्याचं गणित पुस्तिकेत नीट दिलंय, ते श्रेय देते. मुक्या खांबाने पहिल्या फेरीत ६ टाके, मग १२, १८, २४, दर फेरीला ६ वाढवायचे की गोल सपाट राहतो, कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. या चुण्यांनीच १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिन्या या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे चुण्या वाढतच जाणारा पृष्ठभाग, विणून दाखवलं होतं, टाके ठरलेल्या प्रमाणात वाढवत न्यायचे आणि कागदावर कळायला अवघड असलेला आकार हातात घेऊन बघायचा. हे वाचल्यापासून मी मुद्दाम चुण्यावाले तुकडे पण विणते, ते कशासाठीच नाहीत, खिडकीत ठेवलेत.

ओळखीचे लोक आता म्हणायला लागलेत की ऑर्डर घे, पेज काढ, छान विकलं जाईल. प्रेमाने म्हणतात, मला कळतं, पण मी सगळ्यांना ‘नाही’ असंच सांगितलंय आणि त्यावर ठाम आहे, कारण डेडलाइन आली की हेही माझ्या त्या वेगळ्या वहीसारखं होईल. द्यायचं झालं तर भेट देते.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो आकडे आणि पुस्तिकेसाठी. नुसतं करून बघायचं असेल तर अख्खा सेट पण नको, जाड मुठीची ४ मिमीची एक सुई पुरे, माझं बहुतेक काम तिच्यावरच होतं. आत्ता पण तिच्यावर एक गोल चालू आहे, अकरावी फेरी, ६६ टाके.