सीडी, टी-बिल की साधं सेव्हिंग? डाउन पेमेंटचे पैसे तिन्हीकडे ठेवून झाल्यावर

डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे कुठे ठेवायचे यावर आमच्याकडे (अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात) जेवढी भांडणं झाली तेवढी घर कुठे घ्यायचं यावर पण झाली नसतील. शेअरमध्ये नको होते कारण कधीही लागले असते. तिन्ही वापरून झालंय म्हणून लिहितेय.

सीडी (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) म्हणजे आपली एफडीच. भारतातली सीडी वेगळी हां, ती कमीत कमी ५ लाखांची, मोठ्या पैसेवाल्यांच्या बाजारातली, गल्लत करू नका. इथे रेट लॉक होतो, एफडीआयसीचा (ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था) विमा एका बँकेत एकाच्या नावावर २,५०,००० डॉलरपर्यंत, म्हणजे झोप शांत. आम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बँकेची १३ महिन्यांची स्पेशल ऑफर घेतली, रेट तेव्हा मस्त होते. ती संपली डिसेंबरात, तेव्हा आम्ही नणंदेच्या मुलीच्या लग्नाला पुण्यात, आणि पैसे काढायला मुदत फक्त १० दिवसांची. ईमेल आला होता, नाही असं नाही, पण हळदीच्या गडबडीत कोण बघतंय. परत येऊन बघते तर सीडी आपोआप रिन्यू, ती पण स्पेशल रेटने नाही तर त्यांच्या नेहमीच्या रेटने, जो सांगायलाही लाज वाटेल. मोडायची तर तीन महिन्यांच्या व्याजाचा दंड. मग हिशोब केला तर रेटच फुटकळ त्यामुळे दंडही फुटकळ, थोडं मुद्दलातून गेलं, गेलं तर गेलं म्हटलं आणि मोडून टाकली.

मग टी-बिल, म्हणजे ट्रेझरी बिल. अमेरिकन सरकारचा कागद, १०० डॉलरपासून मिळतो, ४ आठवड्यांपासून ५२ आठवड्यांपर्यंत, व्याज वेगळं येत नाही, कमी किमतीत घ्यायचा आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम हातात. खरी गंमत टॅक्समध्ये आहे. यावर फेडरल (केंद्राचा) टॅक्स लागतो पण स्टेट (राज्याचा) टॅक्स नाही. आमचा स्टेटचा स्लॅब ९.३ टक्के, म्हणजे ४.२५ टक्क्यांची सीडी स्टेट टॅक्स कापून साधारण ३.८५ वर येते आणि ४ चं टी-बिल ४ च राहतं, बँकेच्या जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. टेक्सासला राहणाऱ्या दिराला हे उत्साहाने सांगायला गेले तर तो हसला, त्यांना स्टेट इन्कम टॅक्सच नाही!

ऑनलाइन बँकांचं हाय यील्ड सेव्हिंग इमर्जन्सीच्या पैशांसाठी झकास, हवे तेव्हा काढा. पण रेट आज आहे तो उद्या असेलच असं नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये फेडने (इथली रिझर्व्ह बँक) व्याजदर कपात सुरू केली आणि आमचा रेट लगेच घसरायला लागला, तेव्हा मात्र ती लॉक केलेली सीडी बघून बरं वाटायचं. मनी मार्केट फंड (कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) पण बघितला, पण त्याला एफडीआयसी नाही, २००८ मध्ये एका मोठ्या फंडाचा एक डॉलरचा शेअर ९७ सेंटवर आला होता, तसं परत होईलच असं नाही पण नवरा घाबरट आहे. आय बॉन्ड (महागाईप्रमाणे व्याज देणारा सरकारी बॉन्ड) घ्यायला वर्षाला माणशी १०,००० डॉलरचीच मर्यादा आणि पहिले १२ महिने हातच लावता येत नाही, म्हणून आमच्या कामाचे नव्हते.

सध्या बहुतेक पैसे १३ आठवड्यांच्या टी-बिलांत आहेत, दर महिन्याला एक सुटेल असे थोडे थोडे लावलेत. सीडी एकच छोटी ठेवलीये, तिचं ऑटो रिन्यू उघडल्या दिवशीच फोन करून बंद केलं आणि तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलीये, नवऱ्याला दिसेल अशी.