ओएम-५ आणि शहरावरची आतषबाजी : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

ओएम सिस्टिम (पूर्वीचे ऑलिंपस) या कंपनीचा ओएम-५ हा कॅमेरा मी प्रामुख्याने एका कामासाठी घेतला : रात्रीच्या मुंबईवर फुटणारी आतषबाजी दीर्घ एक्स्पोजरने, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून, टिपण्यासाठी. दिवाळी, ३१ डिसेंबरची मध्यरात्र, लग्नसराईतील काही रात्री आणि त्यानंतर वळवाच्या विजा अशा निरनिराळ्या प्रसंगी तो वापरून झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते, कारण अशा कॅमेऱ्याबद्दल पहिल्या आठवड्यात बनलेले मत फारसे उपयोगाचे नसते. प्रवासासाठी, पक्ष्यांसाठी किंवा व्हिडिओसाठी हा कॅमेरा कसा आहे याविषयी येथे काही लिहिलेले नाही.

२०२२ मध्ये बाजारात आलेल्या या कॅमेऱ्यात २० मेगापिक्सेलचा मायक्रो फोर थर्ड्स (पूर्ण फ्रेमहून लहान आकाराचा) सेन्सर आहे आणि बॅटरी व कार्डासह त्याचे वजन ४१४ ग्रॅम भरते. परंतु माझ्या दृष्टीने त्याचे खरे आकर्षण म्हणजे मोड डायलवरचे ‘बी’ हे अक्षर. या एका जागी बल्ब (बटण दाबून धरले तोवर शटर उघडे), टाइम (एकदा दाबले की उघडते, पुन्हा दाबले की मिटते) आणि लाइव्ह कॉम्पोझिट (अनेक चौकटी कॅमेऱ्यातच एकत्र करणारा) असे तीन प्रकार मिळतात. एक्स्पोजर चालू असतानाच चित्र पडद्यावर हळूहळू उमटताना दाखवण्याची सोय ऑलिंपसने २०१२ च्या ई-एम५ पासून दिली आणि लाइव्ह कॉम्पोझिट २०१४ मध्ये आले. ओएम-५ हा त्याच घराण्यातला असल्यामुळे या दोन्ही गोष्टी त्यात चांगल्या मुरलेल्या आहेत.

कॉम्पोझिटचे महत्त्व कळण्यासाठी आतषबाजीच्या छायाचित्रणातली मूळ अडचण समजून घ्यावी लागते. चौकटीत दोन वेगळ्या स्वभावाचे प्रकाश असतात. फुटलेल्या शॉटमधली (आकाशात उडून फुटणाऱ्या फटाक्यातली) प्रत्येक ठिणगी सतत सरकत असते, त्यामुळे सेन्सरच्या कोणत्याही एका बिंदूवर ती क्षणभरच थांबते आणि तिची रेघ किती उजळ येईल हे अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) यांवर ठरते. शटर किती वेळ उघडे राहिले याचा त्या रेघेच्या उजळपणाशी जवळजवळ संबंध नसतो. शहराचे दिवे मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून शटर जितका वेळ उघडे राहील तितके ते उजळत जातात. मोकळ्या माळरानावर ही गोष्ट त्रास देत नाही, कारण तेथे काळोखाखेरीज दुसरे काही नसते. मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी मात्र, चौकटीत पाच-सहा शॉट यावेत म्हणून अर्धा मिनिट थांबले की तोपर्यंत इमारती, रस्ता आणि त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब पांढरेफटक होऊन जाते.

माझ्या नेहमीच्या जागेचे आकडे देतो. नरिमन पॉइंटच्या टोकाकडून उत्तरेला पाहिले की बॅक बेच्या पाण्यापलीकडे गिरगाव चौपाटी आणि तिच्या डावीकडे मलबार हिलचा उतार दिसतो, आणि मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची कमान उजवीकडून चौकटीत शिरते. या दृश्यासाठी आयएसओ २०० आणि एफ/८ अ‍ॅपर्चरवर (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) सुमारे ४ सेकंदांचे एक्स्पोजर शहराला बरोबर बसते. हेच शटर ३२ सेकंद उघडे ठेवले तर शहराला ८ पट, म्हणजे ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश मिळतो आणि मग रॉ फाइलमधूनही (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही) ते परत आणता येत नाही. लाइव्ह कॉम्पोझिटमध्ये कॅमेरा ४ सेकंदांची पहिली चौकट आधार म्हणून धरतो, त्यानंतर तेवढ्याच वेळाच्या चौकटी एकामागून एक घेत राहतो आणि प्रत्येक नव्या चौकटीतून फक्त तेच बिंदू स्वीकारतो जे आधीपेक्षा अधिक उजळ आहेत. शहर पहिल्या ४ सेकंदांत जेवढे उजळले तेवढेच राहते आणि नवे शॉट तेवढे त्यावर चढत जातात. शेवटी हाती येते ती एकच रॉ फाइल.

दुसरा फायदा मला वापरता वापरता अधिक मोलाचा वाटू लागला. एकाच जागी दोन शॉट फुटले तर साध्या बल्बमध्ये त्यांच्या प्रकाशाची बेरीज होते, आणि म्हणून फुलाचा मध्य जळून पांढरा पडतो. कॉम्पोझिटमध्ये बेरीज होत नाही, त्या बिंदूवर जो अधिक उजळ असेल तो टिकतो. त्यामुळे लाल फुलावर हिरवे फूल आले तरी दोघांच्या रेघा वेगळ्या ओळखता येतात. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांपासून येतो, निळा तांब्यापासून. निळा मुळातच कठीण असतो, कारण तो रंग देणारे संयुग जास्त तापमानात टिकत नाही. म्हणून निळे शॉट मंद असतात आणि बल्बच्या बेरजेत इतर रंगांखाली बुडून जातात. ओएम-५ वर घेतलेल्या माझ्या चौकटींमध्ये निळ्या रेघा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात आणि त्याचे श्रेय मी या पद्धतीलाच देतो.

आता धुराविषयी. या संपूर्ण अनुभवातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘जे अधिक उजळ ते ठेवायचे’ हा नियम धुरालाही तितकाच लागू पडतो. शॉटच्या प्रकाशाने उजळलेला धुराचा लोट सरकत असतो, आणि तो ज्या ज्या जागी सर्वाधिक उजळ दिसला ती प्रत्येक जागा कॉम्पोझिट लक्षात ठेवते. परिणामी २ मिनिटे चाललेल्या कॉम्पोझिटमध्ये धूर प्रत्यक्षात व्यापत होता त्याहून कितीतरी मोठ्या भागात पसरलेला दिसतो, आकाश मातकट होते आणि फुलांच्या कडा हरवतात. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे, पद्धतीचा गुणधर्म आहे. पण पडद्यावर चित्र भरत चाललेले पाहताना अजून एक शॉट येऊ द्यावा असा जो मोह होतो, तो येथे महाग पडतो. माझा ठाम सल्ला असा की कॉम्पोझिट ३० ते ४० सेकंदांच्या पुढे नेऊ नये, आणि हवा पडलेली असेल तर २० सेकंदांतच थांबावे. पडद्यावर तीन-चार चांगली फुले उमटली आणि त्यांच्यामध्ये काळे आकाश शिल्लक आहे असे दिसले की बटण दाबून एक्स्पोजर संपवावे. हा निर्णय कॅमेरा घेत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो.

वाऱ्याची दिशा मी अगरबत्ती पेटवून पाहतो. धूर आपल्याकडे येत असेल तर त्या जागेवर उभे राहण्यात अर्थ नसतो. तो आडवा, चौकटीबाहेर जात असेल तर सर्वांत उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० आणि नववर्षासाठी रात्री ११:५५ ते १२:३० अशी फटाक्यांची वेळ घालून दिली, तेव्हापासून माझ्यापुरता त्याचा व्यावहारिक अर्थ असा झाला की आठच्या आधी सगळी मांडणी पूर्ण हवी. पहिल्या २० मिनिटांत हवा जेवढी स्वच्छ असते तेवढी त्या रात्री पुन्हा होत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांमध्ये धूलिकण किमान ३० टक्के कमी असतील असे उद्दिष्ट आहे, परंतु हजारो घरांचे फटाके एकाच वेळी पेटल्यावर कॅमेऱ्याला उरलेला धूरही पुरेसा जाणवतो. तो धूर फोटो बिघडवतो याहून तो श्वासात जातो ही बाब मोठी आहे, आणि मी स्वतः साडेआठ-नऊनंतर तेथे थांबत नाही.

अ‍ॅपर्चरबाबत एक गोष्ट पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आतषबाजीसाठी एफ/११ ते एफ/१६ ही जी शिफारस सर्वत्र आढळते, ती येथे जशीच्या तशी चालत नाही, कारण लहान सेन्सरवर एफ/११ पासून विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) तपशील मऊ पडू लागतो आणि दूरच्या इमारतींच्या खिडक्या एकमेकींत मिसळतात. मी एफ/८ वरच राहतो. जवळून फुटणारे मोठे शेल एफ/८ वर जास्त उजळ येतात. तेव्हा २ स्टॉपचा एनडी ४ (प्रकाश कमी करणारा काळसर) फिल्टर लावतो आणि आधारचौकट ४ सेकंदांवरून १५ सेकंदांवर नेतो. आयएसओ खाली ओढून ‘लो’ वर नेण्याचा मार्गही आहे, पण त्यात उजळ भागातला तपशील लवकर संपतो आणि आतषबाजीत नेमका तोच भाग जपायचा असतो. लोक चौपाटीवर उडवतात ते साधे शॉट आणि बाण यांना मात्र फिल्टरची गरज नसते.

फोकसविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. माझ्याकडे १२-४० मिलिमीटर एफ/२.८ प्रो लेन्स आहे. तिची फोकस रिंग मागे ओढली की लेन्स मॅन्युअल होते. मलबार हिलवरच्या एखाद्या दिव्यावर चित्र मोठे करून फोकस साधायचा आणि त्यानंतर रिंगला हात लावायचा नाही. झूम बदलल्यास मात्र पुन्हा तपासावे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नये, कारण लाल शॉटनंतर शहर निळसर आणि हिरव्यानंतर जांभळट झाल्यास चौकटींची मालिका जुळवता येत नाही. मी ४००० केल्विनच्या आसपास पक्का ठेवतो. ट्रायपॉडवर इमेज स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद.

नॉइज रिडक्शनचा (चित्रातले नको असलेले ठिपके काढण्याचा) मुद्दा अधिक सविस्तर सांगायला हवा. मुंबईच्या उकाड्यात सेन्सर तापतो आणि दीर्घ एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके दिसू लागतात. बल्बमध्ये हे ठिपके काढण्यासाठी कॅमेरा तेवढ्याच वेळाची काळी चौकट नंतर घेतो. म्हणजे २० सेकंदांच्या चित्रानंतर २० सेकंद कॅमेरा अडून बसतो, आणि नेमके त्याच वेळी आकाशात सर्वांत सुंदर फूल उमलते. कॉम्पोझिटमध्ये ही काळी चौकट सुरुवातीलाच घेतली जाते. पहिल्यांदा बटण दाबल्यावर ती तयारी होते, दुसऱ्यांदा दाबल्यावर चित्रण सुरू होते, तिसऱ्यांदा संपते. त्यामुळे तयारी करून ठेवायची आणि बाण वर चढताना दिसला की सुरुवात करायची, असे करता येते.

वायरचा रिमोट अनिवार्य समजावा. मी प्रथम एक स्वस्त, नाव नसलेला रिमोट घेतला होता. त्याचे बटण काही महिन्यांत सैल झाले, म्हणून नंतर चांगला घेतला. बाजूला उघडून फिरणारा पडदा मात्र अपेक्षेहून उपयोगी ठरला. कठड्यावर माणसे बसतात-उठतात, मागून वाहने जातात आणि तो कंप ट्रायपॉडमध्ये उतरतो, म्हणून मी मधला दांडा कधीच वर काढत नाही आणि कॅमेरा खाली ठेवतो. अशा वेळी न वाकता चित्र पाहता येते. पडदा सतत चालू राहत असल्याने बॅटरी भराभर उतरते. दोन जादा बॅटऱ्या खिशात असाव्यात. शिवाय अंधारात पडदा नेहमीच जास्त उजळ भासतो, म्हणून त्यावर विसंबू नये आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजळपणाचा आलेख) पाहावा, विशेषतः लाल रंगाचा, कारण लाल शॉटमध्ये तोच प्रथम संपतो आणि मग लाल रेघ पिवळी पडते.

हा कॅमेरा नसलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. काळ्या पुठ्ठ्याची जुनी पद्धत आजही उत्तम चालते. कोणत्याही कॅमेऱ्यात बल्ब लावावा, शटर उघडावे, लेन्सपुढे पुठ्ठा धरावा आणि बाण वर गेला की तो दूर करावा, फूल विझले की पुन्हा धरावा. शहराला फक्त पुठ्ठा बाजूला असलेल्या सेकंदांचाच प्रकाश मिळतो. मधल्या वेळेतला उजळलेला धूर चौकटीत येतच नाही, आणि या बाबतीत पुठ्ठा कॉम्पोझिटपेक्षा सरस आहे. मी तर आता ओएम-५ वर कॉम्पोझिट चालू असतानाही दोन शॉटांच्या मध्ये पुठ्ठा धरतो : आधारचौकट पूर्ण झालेली असल्याने शहराचे काही बिघडत नाही आणि धूर जमण्याचा वेग स्पष्टपणे कमी होतो. केवळ आतषबाजीसाठी नवा कॅमेरा घेण्याचा विचार असेल, तर आधी एक दिवाळी पुठ्ठ्यावर काढावी असे मी म्हणेन. मे-जूनमध्ये समुद्रावर कडाडणाऱ्या विजांसाठी मात्र कॉम्पोझिटला तोड नाही, कारण वीज कधी चमकेल हे कळत नाही आणि तेथे फटाक्यांचा धूरही नसतो.

कॉम्पोझिटची एक मर्यादा शेवटपर्यंत राहते. एकदा स्वीकारलेली चौकट मागे घेता येत नाही. चार सुंदर फुलांनंतर कोणी जवळच प्रखर पांढरा शॉट उडवला किंवा शेजाऱ्याने मोबाइलचा फ्लॅश लेन्सवर मारला, तर ती संपूर्ण फाइल गेली. म्हणून ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीसारख्या, अवघ्या ३५ मिनिटांच्या प्रसंगी मी कॉम्पोझिटवर अवलंबून राहत नाही. रिमोट अडकवून ४-४ सेकंदांच्या स्वतंत्र रॉ चौकटी सलग घेत राहतो आणि घरी संगणकावर त्यांचे थर ‘लाइटन’ पद्धतीने एकत्र करतो. गणित तेच, पण कोणता शॉट ठेवायचा आणि कोणती धुराची चौकट गाळायची हे निवांत ठरवता येते. त्यात कार्ड भरते आणि संगणकावर एक संध्याकाळ जाते. दिवाळीच्या चार दिवसांत, जेव्हा पुन्हा उद्या संधी असते, तेव्हा मात्र मी कॉम्पोझिटच वापरतो, आणि येत्या दिवाळीलाही वसुबारसेपासून तेच करणार आहे.