आठ हजाराचा फोन, फुकट टीव्ही आणि नेटपॅकचा हिशेब : वेव्ह्ज ॲप वापरून बघितलं त्याबद्दल

आधीच सांगून टाकतो, स्वस्त ॲन्ड्रॉइड फोनवर एक पैसा न देता टीव्ही बघायचा असेल तर प्रसारभारतीचं, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं, वेव्ह्ज ॲप हा आत्ता सगळ्यात सरळ रस्ता आहे असं माझं मत आहे. आणि हे ॲप आपल्या गोव्यातच सुरू झालं, २० नोव्हेंबर २०२४ ला ५५ व्या इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) उद्घाटनाला मुख्यमंत्री प्रमोद सावंतांच्या हस्ते, तरी इथल्या वाड्यावाड्यावर विचारलं तर अर्ध्या लोकांना नाव सुद्धा माहीत नाही. त्याची जाहिरात फार होत नाही म्हणून हे लिहितोय.

आमचं घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. घरात आई, आजी आणि आठ हजाराच्या आसपासचा एक फोन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, एचडी प्लस स्क्रीन. असा फोन आज गावात प्रत्येक दुसऱ्या घरात आहे, त्यामुळे मी जे सांगतोय ते महागड्या फोनवरचं नाही.

वेव्ह्जमध्ये काय मिळतं ते बघा. सुरू झालं तेव्हा ६५ लाइव्ह चॅनल जाहीर केले होते, त्यात दूरदर्शनचे, म्हणजे डीडी नॅशनल, डीडी न्यूज वगैरे, आणि शिवाय बी४यू, एबीपी, सब ग्रुप, ९एक्स मीडिया यांचे काही चॅनल. आईला सह्याद्री पाहिजे असतं, संध्याकाळच्या बातम्या आणि नंतरचे कार्यक्रम, तेवढं लागलं की तिचं काम झालं. आजीला भजन कीर्तन. मराठी धरून १२ च्या वर भाषा आहेत, दूरदर्शनचा जुना खजिना आहे, आकाशवाणी ऐकता येते, गेम्स आणि खरेदी पण घातलीय पण ते आमच्या घरात कोणी उघडत नाही. लाइव्ह टीव्ही फुकट आहे, काही सिनेमे आणि मालिका मात्र पैसे भरून आहेत, तिथे कुलूप दिसलं की मागे यायचं हे आजीला एकदा दाखवून ठेवावं लागतं.

काय मिळत नाही ते पण स्वच्छ सांगायला पाहिजे, नाहीतर लोक डाउनलोड करतात आणि दोन मिनिटांत काढून टाकतात. स्टार प्रवाहच्या मालिका हव्या असतील तर त्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, त्या इथे शोधू नका. आणि दुसरी गोष्ट क्रिकेट. गावात मला हे सगळ्यात जास्त विचारतात, की अरे शेजारच्यांच्या फ्री डिशवर (दूरदर्शनची बिनभाड्याची डिश) डीडी स्पोर्ट्सला मॅच लागलीय मग ॲपवर का नाही? कारण असं आहे की २००७ चा कायदा आहे, त्यात राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं सिग्नल खासगी कंपनीने प्रसारभारतीला द्यावं लागतं, पण सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की ते सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबलवाल्यांना सुद्धा पुढे द्यायचं नाही. मोबाइलवरचे हक्क वेगळे विकले जातात, ज्याने घेतले त्याच्याकडेच मॅच. त्यामुळे मॅचसाठी टीव्हीला फ्री डिश लावा, बातम्या नि बाकीच्यासाठी फोन.

फ्री डिशबद्दल इथेच सांगतो कारण हिशेबात ती येते. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, महिन्याचं भाडं शून्य, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की संपलं. २०१९ मध्ये त्यावर डीडी गोवा पण आलं. खासगी चॅनल ई-लिलावाने जागा घेतात म्हणून ते बदलत राहतात, आज दिसणारं मराठी चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आला की डिशचं चित्र फुटतं, त्या वेळी फोन कामाला येतो, आणि लाइट गेली की तर फोनच.

आता नेटचं. टीव्ही फुकट असला तरी डेटा फुकट नाही, आणि लोक चुकतात ते इथे, ॲप फुकट आहे म्हणून दिवसभर लावून ठेवतात आणि दुपारी दोनला मेसेज येतो की आजचा डेटा संपला. ३ जुलै २०२४ पासून दर वाढले तेव्हा जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीवाला २३९ चा प्लान २९९ झाला, त्याच दिवसांत बाकीच्या कंपन्यांनी पण वाढवले. पेन्शनवर किंवा काजूच्या बागायतीवर चालणाऱ्या घरात दर २८ दिवसांनी ही रक्कम दोन दोन फोनला भरायची म्हणजे जाणवते. म्हणून प्लान कुठला घ्यायचा याच्या आधी तुम्ही बघता किती आणि कुठल्या क्वालिटीत बघता ते मोजा.

मोजायला सोपं आहे. १ एमबीपीएस वेगाने व्हिडिओ चालला तर तासाला ४५० एमबी जातात, कुठलंही ॲप असो, गणित तेच. ४८० पी (पी म्हणजे चित्राची क्वालिटी, आकडा मोठा तेवढं चित्र स्वच्छ आणि डेटा जास्त) साधारण या आसपास येतं, म्हणजे दीड जीबीत तीन तासांच्या वर. ७२० पी ला दुप्पट किंवा जास्त धरा, दीड तासात खेळ खलास. २४० पी ला ३०० केबीपीएस (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस) धरलं तर तासाला १३५ एमबी. आठ हजाराच्या फोनची स्क्रीनच ७२० पिक्सलची असते, त्यावर फुल एचडी लावणं म्हणजे डेटा ओतून टाकणं, डोळ्याला फरक कळतच नाही. बातम्या नि कीर्तन ३६० किंवा ४८० ला मस्त दिसतात, खालची पट्टी वाचता येते, मी तर सांगेन ज्या ॲपच्या प्लेअरमध्ये क्वालिटीचा ऑप्शन असेल तिथे ऑटो काढून हाताने कमी करून ठेवा. यूट्यूबला सेटिंग्जमध्ये व्हिडिओ क्वालिटीत जाऊन मोबाइल नेटवर्कसाठी डेटा सेव्हर निवडा, एकदा केलं की राहतं. हे महत्त्वाचं कारण एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास हे सगळे यूट्यूबवर लाइव्ह फुकट असतात, आणि आपले गोव्याचे चॅनल प्रुडंट, गोवा ३६५ सुद्धा यूट्यूबवर आहेत. पाऊस, रस्ता, म्हादई, पंचायत, अशा गोव्याच्या बातम्या पाहिजे असल्या तर मुंबईचे चॅनल बघून काय मिळणार, प्रुडंट लावा.

आणखी एक गळती व्हॉट्सॲपची. फॅमिली ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगचे व्हिडिओ, चवथीच्या वेळी तर आरत्या नि माटोळीचे (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या सजावटीचे) व्हिडिओ एकामागून एक, आणि ते सगळे आपोआप डाउनलोड होतात. स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो डाउनलोड बंद करा. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट फक्त वायफायवर ठेवा. ॲन्ड्रॉइडचं डेटा सेव्हर चालू केलं की मागे चाललेली ॲप्स गप्प बसतात. या तीन गोष्टी केल्यावर आमच्या घरी तोच दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरायला लागला, प्लान बदलावा लागला नाही. काही यूट्यूब व्हिडिओ आपल्याकडे फुकटात ऑफलाइन ठेवता येतात, मी पणजीला ऑफिसच्या वायफायवर आईचा फोन असला की दोन चार कीर्तनं भरून देतो.

रोजचा डेटा संपल्यावर काय? बऱ्याच प्लानमध्ये नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएस वर येतं, काही कंपन्यांत ४० वर. त्यावर व्हिडिओ विसरा. पण रेडिओ! ६४ केबीपीएस म्हणजे तासाला २९ एमबी सुद्धा नाही, त्याच्यापेक्षा हलका ऑडिओ असेल तर अटकत अटकत का होईना ऐकू येतो. न्यूजऑनएअर हे आकाशवाणीचं ॲप, ते पण फुकट, त्यात पणजी केंद्र मिळतं. पणजीचं हे केंद्र पोर्तुगीज काळातलं, १९४६ मध्ये एमिसोरा द गोवा म्हणून सुरू झालेलं आणि मुक्तीनंतर आकाशवाणीकडे आलेलं, कोंकणी मराठी दोन्ही. आजी लहानपणापासून रेडिओवरच वाढलेली, तिला चित्र नसलं तरी चालतं, किंबहुना काम करता करता ऐकायला तिला तेच बरं वाटतं. खरं म्हणजे ज्येष्ठ माणसांना दिवसभर सोबत पाहिजे असते, आणि ती सोबत रेडिओ एक दशांश डेटात देतो, हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं की फोन हातात दिला की पहिल्यांदा मी हेच ॲप टाकतो.

डेटा अजिबात नको असेल तर फोनमधला एफएम. वायरवाला इअरफोन खोचायचा, तीच वायर अँटेना, आणि १०५.४ ला एफएम रेनबो. टॉवर पडला, लाइट नाही, नेट नाही तरी हा चालतो, म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना फोनमधला एफएम बंद करू नका अशी सूचना दिली होती. पण डोंगराच्या आड गेलात तर खरखर, सत्तरीच्या काही वाड्यांवर अजिबात पकडत नाही, तिथे ॲपच.

सिग्नलचं थोडं सांगतो कारण ऑफर बघून सिम घेणारे फसतात. आमची घरं चिऱ्याची, भिंती जाड, बाहेर पडवीत तीन काड्या आणि आत माजघरात शून्य. कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल लांब जातात आणि भिंतीतून आत येतात, ८५० किंवा ७०० मेगाहर्ट्झवाले. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीचं ४जी त्यांनी देशभर रीतसर सुरू केलं. स्वस्त पॅक बघून बीएसएनएल घ्यायचं मनात असेल तर आधी बघा की तुमचा फोन बँड २८ (बँड म्हणजे सिग्नलचा ठरलेला पट्टा) पकडतो का, कारण ७०० मेगाहर्ट्झचा तोच बँड, काही जुन्या स्वस्त फोनमध्ये तो नसतो आणि मग शेजाऱ्याला नेट येतं तुम्हाला येत नाही आणि तुम्ही कंपनीला दोष देत बसता. मी तर सांगतो सिम घ्यायच्या आधी ज्याच्याकडे ते सिम आहे अशा पाहुण्याला एकदा घरी चहाला बोलवा आणि संध्याकाळी सात आठ वाजता, जेव्हा सगळा वाडा फोनवर असतो, तेव्हा माजघरात बसून त्याच्या फोनवर एक व्हिडिओ लावून बघा. ऑफरच्या कागदापेक्षा हे जास्त खरं सांगतं.

दोन फोन असतील तर दोघांना डेटा पॅक लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, तसले पॅक आता मिळतात. आईच्या फोनला डेटावाला, आजीच्या फोनला फक्त कॉलचा, आणि आजीला काही बघायचं झालं तर आईच्या हॉटस्पॉटवर. टीव्हीला फ्री डिश. घरचा खर्च एवढ्यातच निभतो.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल मी खूप तळमळीने सांगतो. व्हॉट्सॲप टेलिग्रामवर फिरणाऱ्या एपीके फाइली (प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायच्या फाइली), 'सगळे चॅनल फुकट, आयपीएल फुकट' असं लिहिलेल्या, त्या कोणीही टाकू नका. एक तर ती चोरी आहे, दुसरं म्हणजे असलं ॲप एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन बघायची आणि फोन चालवायची) परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. टीव्ही दाखवणाऱ्या ॲपला तुमचे एसएमएस वाचायचं काय काम? आमच्या वाड्यावर एका काकांच्या फोनमध्ये पुतण्याने असलं ॲप टाकून दिलं होतं, फोन तापायला लागला, स्क्रीनवर सारख्या जाहिराती, नशीब की खात्यातून काही गेलं नाही, फोन रिसेट करून दिला. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हा नंबर आईबाबांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. ॲप टाकायचं ते प्ले स्टोअरवरूनच, आणि तिथे सुद्धा बनवणाऱ्याचं नाव प्रसारभारती आहे का ते वाचून.

डायरेक्ट टू मोबाइल म्हणून एक तंत्र येतंय, त्यात सिम नि डेटा न वापरता टीव्हीचं सिग्नल सरळ फोनमध्ये, प्रसारभारती, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्सने त्याच्या चाचण्या घेतल्यात. त्याला फोनमध्ये वेगळी चिप लागते, त्यामुळे हातातला फोन त्याला चालणार नाही. त्याची वाट बघत नवीन फोन घ्यायचं थांबवू नका.

फोन घ्यायचाच असेल, म्हापशात घ्या, फोंड्यात घ्या, नाहीतर वाळपईत, दुकानदाराला चार गोष्टी विचारा : एफएम आहे का, इअरफोनचं गोल ३.५ चं भोक आहे का, ४ जीबी रॅम आहे का, आणि बँड २८ आहे का. शेवटचं बऱ्याच दुकानदारांना सांगता येत नाही, ते कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथेच काउंटरवर उभं राहून बघा, बॅटरी ५००० ची असतेच आता. कॅमेरा किती मेगापिक्सल याच्यावर हजार रुपये जास्त घालायची आई आजीच्या फोनला गरज नाही, त्या हजारात फ्री डिशच्या बॉक्सचा बराच खर्च भागतो.