पीएचक्यू-९ की कोलंबिया? दहा मिनिटांत काय विचारायचं

हिंजवडी किंवा ऐरोलीत दवाखाना असेल तर हा रुग्ण ओळखीचा असतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तक्रार अ‍ॅसिडिटीची नाहीतर झोपेची, आणि अर्धं लक्ष ऑफिसच्या मेसेजकडे. हाताशी फार तर दहा मिनिटं. तेवढ्यात मन तपासायला दोन प्रश्नावल्या आहेत: नैराश्यासाठी पीएचक्यू-९, आत्महत्येच्या धोक्यासाठी कोलंबिया.

पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांतलं नैराश्य मोजते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासायचं. २० पासून नैराश्य तीव्र. रुग्ण बाहेर बसून स्वतःच भरतो, आणि महिन्याभराने पुन्हा भरून घेतली की उपचार लागू पडतोय का ते कळतं. पण कामाने पिळून निघालेल्यांच्या बाबतीत ती फसवते. झोप, थकवा, एकाग्रता यांचे तीन-तीन आणि भुकेचे दोन धरले की ११ झालेच. रात्रपाळीवाल्याला नैराश्य नसतानाही एवढे पडू शकतात. म्हणून पहिले दोन प्रश्न, कशातच रस नसणं आणि उदासी, वेगळे बघा. याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा: बेरीज ६, पण नवव्या प्रश्नाला १. तो प्रश्न ‘मेलेलं बरं’ आणि ‘स्वतःला इजा करावी’ हे एकत्रच विचारतो. त्या १ चा अर्थ कागदावरून लागत नाही, आणि बेरीज कमी म्हणून फाइल मिटली जाते.

कोलंबिया नेमकी तिथे कामाला येते. छोट्या आवृत्तीत सहा प्रश्न. पहिले दोन सगळ्यांना: झोपावं आणि उठूच नये असं वाटलं का? जीव द्यायचा विचार खरंच मनात आला का? दुसऱ्याला ‘हो’ आलं तरच पुढचे तीन: कसं, इरादा, बेत. सहावा, आजवर प्रयत्न किंवा तयारी केली का, हा ‘नाही’ आलं तरी विचारायचाच. घाईत हाच गळतो. इरादा, बेत, किंवा गेल्या ३ महिन्यांतली कृती, यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. ‘तसलं काही येत नाही ना मनात?’ असं विचारलं की मात्र उत्तर हमखास ‘नाही’.

बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, प्रश्नावली इथे बाजूलाच ठेवा. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, बर्नआउटला आजार मानत नाही, आणि ‘सुट्टी घ्या’ म्हणून पाठवलेल्याचं नैराश्य तपासायचं राहून जातं.

एकच निवडायची तर कोलंबिया. मात्र ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या सूचना स्पष्ट आहेत: अशा साधनांवरून पुढे कोण जीव देईल याचं भाकीत करू नये, उपचार कोणाला द्यायचे हेही ठरवू नये. तेव्हा आकड्यांनंतर विचारा: रात्री सोबत कोण असतं, दारू किती, नोकरीवर टांगती तलवार आहे का, घरात साठलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देता येतील का. भरलेला कागद एचआरकडे जाणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर सगळीकडे शून्यच दिसेल. निघण्यापूर्वी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पुढची भेट आठवड्याच्या आत, तारीख लिहून.