डोसा ५ पैकी ४, चटणीचा काउंटर १

नाव लिहीत नाही, बाणेर साइडची इडली डोसावाली मोठी चेन आहे एवढं पुरे. आमच्या पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, वय ६, पर्समध्ये कायम अ‍ॅड्रेनॅलिनची (जोराची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन) अ‍ॅम्प्युल आणि सिरिंज असते, त्यामुळे आम्ही हॉटेल चवीवरून नाही, मेनूच्या बारीक अक्षरांवरून निवडतो.

इथे मेनूच्या शेवटच्या पानावर चक्क तक्ता होता, कशात दूध, कशात गहू, कशात सोया, कशात शेंगदाणा. बघून मी खुश. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, २०२० चा लेबलिंग-डिस्प्लेचा नियम आहे ना, सेंट्रल लायसन्सवाली (केंद्राचा परवाना असलेली) किंवा १० आणि जास्त ठिकाणी शाखा असलेली हॉटेलं, त्यांना मेनूवर कॅलरी आणि अ‍ॅलर्जीची माहिती द्यायला लागते, १ जुलै २०२२ पासून. साध्या डोशापुढे शेंगदाण्याचा रकाना रिकामा, म्हणून ऑर्डर दिली.

आणि मग चटणी. सेल्फ सर्व्हिस काउंटरवर तीन भांडी, पांढरी, लाल आणि एक तपकिरी, आणि तपकिरीतला चमचा कुणीतरी पांढरीत टाकून गेलेलं, कडेला तपकिरी ओघळ. पोरगं वाटी घेऊन तिकडेच निघालं होतं, बायकोने हात धरून मागे ओढलं. काउंटरवाल्या दादांना विचारलं ह्यात शेंगदाणा आहे का, तर म्हणे पांढरीत थोडासाच असतो सर, काही होत नाही. थोडासाच! मॅनेजर आले, माणूस चांगला होता, पण म्हणाले चटणी मेनूवर नाही म्हणून चार्टमध्ये नाही.

घरी येऊन नियम वाचला तर गंमत म्हणजे ते बरोबर होते, मेनूवर नसलेल्या, फुकट, आपल्या हाताने घ्यायच्या चटण्या-सॉसना नियमातून सूट आहे. डोशात काय ते कायद्याने सांगायचं, डोसा ज्यात बुडवायचा त्याचं नाही. हे ज्याने लिहिलं त्याने डोसा नुसता खाल्ला असणार. नियमातल्या अ‍ॅलर्जीच्या पदार्थांच्या यादीत तीळही नाही, युकेच्या १४ पदार्थांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत आणि आपण संक्रांत करतो.

त्यामानाने आमच्या घराजवळची खानावळ, एकच दुकान, नियम लागूच नाही. मावशींना एकदा सांगितलं तर सरळ म्हणाल्या, अहो भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, पोराला इथे काही देऊ नका, वरणभात देते, पळी वेगळी घेते. चार्ट बिर्ट नाही, पण मी तिथे निवांत जेवतो. आता हे सगळीकडे चालणार नाही मान्य आहे, मावशी सुट्टीवर गेल्या की मी कुणाला विचारू, म्हणून तर लिहिलेलं हवं. फक्त चटणीच्या भांड्यापुढे एक चिठ्ठी लावा ना, नियम सांगत नसला तरी, दोन रुपयाचं काम आहे. मॅनेजर बघतो म्हणालेत.

बाकी डोसा खरंच कुरकुरीत, कॉफी पाणचट, रविवारी पार्किंगचं विसरा. परत जाणार, पोराची खोबऱ्याची चटणी घरून डब्यात घेऊन.