म्युझस्कोरमध्ये क्रॉस-स्टाफ बीम: परतवाड्याच्या एका पियानो शिकवणाऱ्याचा रिव्ह्यू

मी परतवाड्याकडे कीबोर्ड-पियानो शिकवतो, पोरांसाठी रागांवर छोटे छोटे पीस बसवतो आणि म्युझस्कोर स्टुडिओ या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून प्रिंट काढून देतो. हे सॉफ्टवेअर एकूण कसं आहे यावर यूट्यूबवर भरपूर पडलंय, त्यामुळे मी फक्त क्रॉस-स्टाफ बीमचं बोलतो, म्हणजे वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही स्टाफवरच्या (पाच रेषांच्या पट्ट्यांवरच्या) नोटांच्या दांड्या जोडणाऱ्या एकाच जाड रेघेचं, कारण पियानोच्या नोटेशनची खरी कसोटी तिथंच लागते.

उदाहरण घ्या. राग भीमपलास, सफेद एक, म्हणजे सी हा सा. मंद्र सा आणि प डाव्या हाताला, लगेच मध्य ग आणि म उजव्या हाताला, चारही सोळांश नोटा (प्रत्येक पाव बीटची), एका बीटमध्ये. पहिल्या दोन बास (खालच्या) स्टाफवर, पुढच्या दोन ट्रेबल (वरच्या) स्टाफवर आणि बीम मात्र चौघींना मिळून एकच. बीम एक राहिला की पोराला डोळ्यानंच समजतं की ओळ एक आहे, फक्त हात बदलतोय. तेच दोन्ही स्टाफवर वेगवेगळं लिहिलं की मध्ये रेस्टची, म्हणजे थांबायच्या खुणांची, गर्दी होते आणि पोरगं विचारतंच, "सर, इथं थांबाचं हाये का?"

म्युझस्कोरमध्ये हे करायला सोपं आहे, पण आधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे की नोट दिसते दुसऱ्या स्टाफवर पण राहते आपल्याच घरी. चारही नोटा आधी बासमध्येच लिहा, मग शेवटच्या दोन निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि वरचा बाण दाबा, त्या ट्रेबलवर जाऊन बसतात, बीम तुटत नाही, आणि वरच्या स्टाफचे रेस्ट जसेच्या तसे राहतात, ते नको असतील तर लपवायचे. शिफ्ट दाबायचा राहिला तर नोट सप्तकभर वर उडते, तेवढं लक्षात ठेवा. कट-पेस्ट करून वर नेलं तर नोट खरोखरच वरच्या स्टाफची होते आणि बीम गेला.

इथपर्यंत शंभर मार्क. आता जिथं आपल्याला डोळ्याने बघून ठरवावं लागतं ते.

बास स्टाफवरच्या नोटेची दांडी वर जाते, म्हणजे ती नोटेच्या उजव्या अंगाला असते. ट्रेबलवरच्या नोटेची दांडी खाली येते, म्हणजे ती डाव्या अंगाला. त्यामुळे खालून वर जाताना दोन दांड्या एकमेकींच्या जवळ येतात आणि वरून खाली उतरताना लांब जातात, नोटांमधलं अंतर अगदी सारखं असलं तरी. सलग चार-पाच बीट असे वर-खाली गेले की लय लंगडी दिसायला लागते. छपाईसाठी हाताने नोटेशन कोरणारे जुने एनग्रेव्हर ही जागा डोळ्याने ॲडजस्ट करायचे. मी पण प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नोटेच्या आधीची जागा थोडी थोडी कमी-जास्त करतो, वेळ जातो, पण पान उघडलं की पोरगं न अडखळता वाजवतं, म्हणून हे काम मी कधीच टाळत नाही.

दुसरं, सोळांश नोटांना दोन बीम असतात आणि दांड्या दोन्ही बाजूंनी येत असल्या की दुसरा बीम मुख्य बीमच्या वर काढायचा की खाली हा प्रश्न येतो. प्रत्येक बीट बघून घ्या. बीम फारच तिरपा वाटला तर तो आडवा करायची सोय आहे, आणि त्याच्यावर डबल क्लिक केलं की टोकं ओढता येतात. दोन स्टाफमध्ये जागा कमी पडत असेल तर बीम ओढत बसू नका, पॅलेटमधून स्टाफ स्पेसर (दोन स्टाफमधली जागा वाढवणारी खूण) टाका.

जे जमत नाही तेही सांगतो. कॉर्डमधली, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या नोटांमधली, एकच नोट वर पाठवता येत नाही, अख्खी कॉर्ड जाते. मग ती नोट वेगळ्या व्हॉइसमध्ये (त्याच स्टाफवरच्या वेगळ्या थरात) लिहायची.

बाकीच्या नोटेशन सॉफ्टवेअरचं थोडक्यात. डोरिको हे सगळं छान करतं, पण पूर्ण व्हर्जन महाग आहे, हलकं फुकट व्हर्जनही मिळतं. लिलिपॉण्ड फुकट आहे, पण त्यात सगळं कोडसारखं टाईप करावं लागतं, ज्यांना कोडिंगची सवय आहे त्यांनी जरूर बघा. फिनाले आता नव्याने घेण्यात अर्थ नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोणाकडे जुन्या फिनाले फायली असतील तर आत्ताच म्युझिकएक्सएमएलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये) काढून ठेवा भाऊ, नंतर उघडायचे वांधे होतील.

आमच्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाचं म्हणजे म्युझस्कोर स्टुडिओ फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि एकदा उतरवलं की नेट लागत नाही. त्याच नावाच्या शीट म्युझिकच्या साईटचं पैशाचं सबस्क्रिप्शन असतं, ते वेगळं, सॉफ्टवेअरसाठी ते घ्यायची गरज नाही. म्युझ साउंड्सचे (वेगळे उतरवायचे वाद्यांचे) आवाज सुंदर आहेत पण डाउनलोड मोठं आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर त्याच्या नादी लागू नका, लिहिलेलं तपासायला सोबत येणारा साधा आवाज पुरतो. ऑटोसेव्ह मात्र चालू ठेवा, डेस्कटॉपवाल्यांनी तर नक्कीच, उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि प्रिंट. कागद वाचवायला स्टाफ बारीक करू नका. दोन बीममधली फट स्टाफच्या दोन रेषांमधल्या अंतराच्या साधारण पावपट असते, बारीक स्टाफची झेरॉक्स काढली की ती फट शाईने भरते आणि सोळांश नोट आठांश (एकाच बीमची, अर्ध्या बीटची) वाटायला लागते. पान वाढलं तर वाढू द्या.